कामाच्या ठिकाणची शाळा



जून उजाडला की आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत एकच हिशेब मांडला जातो. महाविद्यालयाची फी, वह्या-पुस्तके, बसचा पास, धाकट्या भावंडांचे गणवेश. आणि या सगळ्यांसमोर वडिलांचा तोच तुटपुंजा पगार. मग बारावी झालेला मुलगा संध्याकाळी औषधाच्या दुकानात उभा राहतो. बी.कॉम.ला शिकणारी मुलगी सणासुदीच्या दिवसांत साडीच्या दुकानात घड्या घालते. कोणी मोबाईल दुरुस्तीला बसतो, कोणी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जातो, कोणी हॉटेलात बिले लिहितो. सकाळी कॉलेज, रात्री दहापर्यंत काम आणि रविवारी मिस्साला डोळ्यांवर झोप. अशा मुलांवर मी रागावत नाही. कष्टाने आलेली झोप देवालाही समजते.

या मुलांचे आईवडील अधूनमधून मला भेटतात आणि जरा संकोचून विचारतात, "फादर, पोरगं कामाला लागलं हे बरं झालं. पण तिथं सगळ्या जातीधर्मांची पोरं आहेत. त्यांच्यात राहून आपलं पोर आपलं वळण विसरणार तर नाही ना?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि काळजी प्रेमापोटी आहे. म्हणून त्याचे उत्तर दोन शब्दांत न देता आज आपण सगळे मिळून त्यावर चिंतन करू या.

करिंथमधील तंबूचे दुकान

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात संत पौल अथेन्स सोडून करिंथला येतो. करिंथ हे दोन बंदरांचे शहर. तिथे खलाशी, व्यापारी, सैनिक, गुलाम, सगळ्या मुलखांची माणसे. या परक्या गावात पौलाला अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटते. अक्विला मूळचा पंत प्रांतातला, म्हणजे काळ्या समुद्राच्या काठचा. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोम सोडण्याचा हुकूम दिल्यामुळे हे दोघे नुकतेच इटलीहून आलेले. पौल स्वतः किलिकियातील तार्सचा. तिघेही यहुदी खरे, पण त्यांनी पाहिलेले जग वेगवेगळे होते. संत लूक सांगतो की त्यांचा धंदा एकच होता, तंबू बनवण्याचा. म्हणून पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला.

कापडाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. जाड कापड शिवायचे तर एकाने ताणून धरावे लागते आणि दुसऱ्याने टाका घालावा लागतो. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते. मग गोष्टी निघतात: तुमच्याकडे कसे असते, आमच्याकडे कसे असते, रोममध्ये काय घडले, घर सोडताना काय वाटले. पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिला. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी त्याने या दोघांना नावानिशी सलाम पाठवला. त्यांना त्याने ख्रिस्त येशूमधील आपले सहकारी म्हटले आणि आपल्यासाठी त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला असे कृतज्ञतेने नमूद केले. तंबूच्या दुकानातले सहकारी ख्रिस्तातले सहकारी झाले ते असे, टाक्यावर टाका घालत.

एक छप्पर पुरेसे नसते

आता आपल्या सोलापूरकडे पाहू. या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा एका रस्त्यावर ऐकू येतात. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असावा. पण एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू या. आपण एका गावात राहतो, तरी आपापल्या पेठेत राहतो. पूर्व भागातले तेलुगू घर, विजापूर वेशीकडचे मुसलमान घर, लिंगायत घर आणि आपले ख्रिस्ती घर यांच्या भिंती फार दूर नाहीत. पण एकमेकांच्या चुलीपर्यंत गेलेली माणसे किती?

एके काळी गिरणीचा भोंगा झाला की या सगळ्या पेठा एका दारातून आत जात. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. त्या गिरण्यांनी सोलापूरला सोलापूर केले. पण नुसते एका छपराखाली काम केल्याने मने जुळतातच असे नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास हेच सांगतो. तिथे धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत, आणि पगार तर त्याच खात्यात चांगला असे. १९२८ सालच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालक एक, भोंगा एक, छप्पर एक. पण एका धाग्याला दोघांचे ओठ लागलेले चालत नव्हते!

याउलट उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. भाऊराव स्वतः जैन कुटुंबातले. कोल्हापुरात शिकत असताना दलित मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. हा अनुभव त्यांनी कडवटपणात वाया घालवला नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकत्र पाणी भरत, शेतात राबत, पाळीपाळीने स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. 'कमवा आणि शिका' हे आज आपल्या महाविद्यालयांत योजनेचे नाव झाले आहे. त्याचे मूळ त्या चुलीपाशी आहे. भाऊरावांनी मुलांना समतेवर व्याख्याने देत बसण्यापेक्षा भाकरी थापायला बसवले. ज्याच्या हातची भाकरी रोज खातो, त्याला परका म्हणणे जड जाते.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील मैत्रीचे प्रकरण आम्हाला शिकवले गेले. त्यात तो एका जुन्या म्हणीचा दाखला देतो. तिचा आशय असा की बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांचे हे शहाणपण आपल्याला काही नवे नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलेच आहे. मीठ एका दिवसात संपत नाही. त्याला दिवस जावे लागतात. म्हणूनच एकदा सर्वधर्म संमेलनाला जाऊन जे कळत नाही, ते वर्षभर एका काउंटरमागे उभे राहून कळते.

डबा उघडल्यावर

आपली मुले कामावरून काय शिकून येतात, ते मी त्यांच्याकडूनच ऐकतो. पहिली शिकवण भाषेची. दुपारी दुकानात कोणी "ऊट आयता?" विचारतो, कोणी "तिन्नावा?" म्हणतो, कोणी "खाना हुआ क्या?" आणि आपले पोर म्हणते, "जेवलास का?" चार भाषा, चार धाटण्या, पण आधी विचारायची गोष्ट एकच. पुनरुत्थित प्रभूनेही तिबिर्याच्या किनाऱ्यावर रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना पहिल्यांदा खाण्याचेच विचारले आणि त्यांच्यासाठी निखाऱ्यांवर न्याहारी तयार ठेवली, हे संत योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आपण वाचतो.

दुसरी शिकवण भक्तीची. आपल्या एका तरुणाने मला सांगितले की २०२५ साली रमजानचा महिना २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. त्याच्या शेजारी काम करणारा मुलगा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही न घेता त्या उन्हात खोकी उचलत होता. आपला मुलगा म्हणाला, "फादर, मी फक्त शुक्रवारी मटण सोडतो आणि त्याचीही कुरकुर करतो." त्या वर्षी त्याचा उपवासकाळ बदलला. माझ्या प्रवचनाने जे झाले नव्हते, ते त्या रोजेदाराच्या गप्प राहण्याने झाले.

जानेवारीत श्री सिद्धेश्वरांची यात्रा येते. नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो. आपण ती गर्दी लांबून पाहतो आणि रस्ता बंद आहे म्हणून वैतागतो. पण बरोबर काम करणारा लिंगायत मुलगा सांगतो की बाराव्या शतकातील शरणांनी प्रामाणिक श्रमाला 'कायक' हे नाव देऊन पूजेचा मान दिला आणि त्या श्रमाची कमाई वाटून खाण्याला 'दासोह' म्हटले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक लिहिले, त्यात श्रमामुळे माणूस देवाच्या निर्मितिकार्यात सहभागी होतो असे शिकवले आहे. नाझरेथचा सुतार ज्यांचा प्रभू आहे, त्यांना 'कायक' हा शब्द परका वाटू नये.

तिसरी शिकवण दुःखाची, आणि ती सर्वांत खोल जाते. साडीच्या दुकानात काम करणाऱ्या आपल्या एका मुलीची मैत्रीण कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतली, तेलुगू घरातली. तिच्याकडे गेल्यावर आपल्या मुलीने पाहिले की आई बोलता बोलता पाने कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते; मान वर करायला वेळ नाही. मजुरी हजार विड्यांवर मिळते. मैत्रीण कामावरून परत गेली की तीही आईशेजारी बसते. "ती दुकानात सारखी का पेंगते ते मला त्या दिवशी कळलं," असे आपली मुलगी म्हणाली. बंधुभगिनींनो, संस्कृती म्हणजे नुसते सण, पोशाख आणि पक्वान्ने नव्हेत. दुसऱ्याचे घर कशावर चालते आणि तिथे रात्री कोणाच्या डोळ्यांत पाणी असते, हे कळले म्हणजे त्याची संस्कृती कळू लागली.

प्रसाद घ्यावा का?

आता आईवडिलांच्या काळजीकडे वळतो. दुकानात गणपती बसतो, आरती होते, प्रसाद वाटतात. ईदला शीरखुर्मा येतो, संक्रांतीला तिळगूळ. आपल्या मुलाने काय करावे?

गंमत अशी की हा प्रश्न आधी करिंथमध्येच उभा राहिला होता. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल करिंथकरांनी पौलाला विचारले आणि त्याने पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत सविस्तर उत्तर दिले. त्याचे सार असे: देव एकच आहे, म्हणून अन्नाला भिऊ नका. कोणी जेवायला बोलावले आणि तुम्हाला जावेसे वाटले, तर जा आणि शंका न काढता समोर येईल ते खा. मात्र प्रभूच्या मेजाचे आपण वाटेकरी आहोत, म्हणून दुसऱ्या उपासनेत भाग घेऊ नका. आणि आपल्या खाण्याने कोणा दुबळ्या भावाची श्रद्धा डळमळत असेल, तर त्याच्यासाठी ते सोडा.

यातून आपल्या मुलांसाठी सरळ वाट निघते. तिळगूळ आणि शीरखुर्मा हे प्रेमाचे देणे आहे. ते दोन्ही हातांनी घ्या आणि नाताळात आपल्या घरची करंजी आठवणीने न्या. आरतीच्या वेळी आदराने उभे राहा. पूजा आपण करत नाही हे कोणी विचारल्यास हसून सांगा. प्रसादाबद्दल मनात प्रामाणिक अडचण असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. पण तोंड वाकडे करू नका. नकारातही माया असू शकते.

आणि आपले वळण विसरण्याचे काय? अनुभव उलटा आहे. बरोबरची मुले विचारतात, "मारियाला तुम्ही देवी मानता का? फादर लग्न का करत नाहीत? तुमचा धर्म परदेशी ना?" ज्या मुलाने धर्मशिक्षणाच्या तासाला कधी प्रश्न विचारला नाही, तो आता माझ्याकडे येऊन उत्तरे मागतो. त्याला मी सांगतो: मारिया आपली माता आहे, तिची आपण मध्यस्थी मागतो, आराधना मात्र एका देवाचीच करतो. आणि परदेशीपणाबद्दल कोणी बोलले, तर फादर थॉमस स्टीफन्सची आठवण सांग. हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, इथल्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. तो मराठीचा शिष्य झाला, म्हणून मराठीत ख्रिस्त सांगू शकला. ज्याला दुसऱ्याकडून शिकता येते, त्यालाच दुसऱ्याला काही देता येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणेत शिकवले आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही. ते सत्य शोधायला आपल्या मुलांना ग्रंथालयात जावे लागत नाही. ते शेजारी उभे राहून गिऱ्हाईक सांभाळत असते.

परीक्षेची वेळ

कामाच्या ठिकाणी सगळेच गोड असते असे मी म्हणत नाही. नावावरून थट्टा होते, जातीवरून टोमणा येतो, कोणाच्या चहाचा पेला वेगळा ठेवला जातो. अन्याय झाला तर तो सोसत बसणे ही नम्रता नव्हे. घरी सांगा, मला सांगा, आपण मिळून बोलू. आणि आपणही आरशात पाहू या. आपल्या घरात आलेल्या मुलाच्या मित्राचे आडनाव ऐकून आपला आवाज बदलतो का?

खरी परीक्षा मात्र गावात काही घडते तेव्हा होते. मोबाईलवर निरोप फिरू लागतात: 'ते लोक' असे आहेत, 'त्यांनी' तसे केले. ज्याने 'त्या लोकां'पैकी कोणाशी मीठ खाल्लेले नाही, तो निरोप पुढे ढकलतो. ज्याच्या डब्यातली अर्धी भाकरी रोज 'त्यां'च्यातला एक जण खातो, त्याचे बोट थांबते. त्याला 'ते लोक' दिसत नाहीत. मागच्या महिन्यात आपल्याला ताप आला तेव्हा आपली पाळी सांभाळणारा मित्र दिसतो.

आपल्या गावाने ही परीक्षा एकदा मोठ्या मानाने दिली आहे. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चार सोलापूरकरांना फाशी देण्यात आले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. चार घरे, चार रीतिरिवाज, दोन धर्म. पण इंग्रज सरकारपुढे ते एकच सोलापूर होते. चार पुतळा चौकातून कामाला जाताना आपल्या मुलांनी ही नावे एकदा तरी मनात म्हणावीत.

या आठवड्याचा संकल्प

माझ्या तरुण मित्रांनो, या आठवड्यात बरोबर काम करणाऱ्या एकाला त्याच्या घरच्या भाषेत विचारा, "जेवलास का?" तो शब्द त्याच्याकडूनच शिकून घ्या. डबा कोपऱ्यात नेऊन एकट्याने खाऊ नका, मध्ये ठेवा.

आईवडिलांनो, मुलगा कामावरून आला की पगार किती कापला एवढेच विचारू नका. आज कोणाकडून काय शिकलास, हेही विचारा. त्याच्या मित्राला एका रविवारी घरी जेवायला बोलवा. आपले वळण विसरायची भीती वाटत असेल, तर जेवणाआधीची प्रार्थना त्याच्यासमोर मोठ्याने म्हणा. आपला मुलगा ती विसरणार नाही आणि पाहुण्यालाही आपण कोण आहोत ते कळेल.

आणि ज्यांची स्वतःची दुकाने, कारखाने आहेत त्यांना विनंती: शिकणाऱ्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत सुटी द्या, ठरलेला पगार वेळेवर द्या आणि पाण्याचा माठ सगळ्यांसाठी एकच ठेवा.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू नाझरेथमध्ये हातांनी काम केलेस. शिकता शिकता कमावणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या हातांना बळ दे, रात्री घरी परतताना त्यांचे रक्षण कर. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या प्रत्येकाला आशीर्वाद दे, तो तुला कोणत्याही नावाने हाक मारत असो. त्यांच्या श्रद्धेतील सत्य पाहण्याची दृष्टी आम्हाला दे आणि आमच्या वागण्यात त्यांना तुझे प्रेम दिसू दे. आमचे हे गाव एका ताटाचे होऊ दे. आमेन.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू